काढून परत लावलं, चालू झालं

नवी मुंबईत वायरलेस लिंक सांभाळणाऱ्या कुठल्याही ऑफिसात पावसाळ्यातल्या सकाळी थोडा वेळ बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. गच्चीवर गेलेला पोरगा फोनवर सांगत असतो, “दादा, जॅक काढून परत लावला, चालू झालं.” इकडून उत्तर जातं, “बरं झालं, ये खाली,” आणि तक्रार बंद होते. पंधरा दिवसांनी तीच इमारत, तोच पोल आणि तेच वाक्य. ही पुस्तिका त्या वाक्याशी भांडण्यासाठी लिहिली आहे.

पोरगा खोटं बोलत नसतो. जॅक काढून परत लावल्यावर लिंक खरोखरच चालू होते. प्लग आत सरकताना त्याच्या पिना पोर्टमधल्या तारांवर घासतात, त्यांच्यावर चढलेला थर खरवडला जातो आणि धातूला धातू भिडतो. नकळत थोडी सफाई होते, एवढंच. थर का चढला, प्लग जागचा का हलला, केबल कुठून ओढली जातेय, पाणी कुठून शिरलं, यातलं काहीही बदललेलं नसतं. शिवाय प्रत्येक घासण्यात पिनांवरचा सोन्याचा मुलामा आणखी थोडा झिजतो. हा मुलामा आधीच इतका पातळ असतो की मिलिमीटरमध्ये मोजायला जाऊ नये. तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढचा थर आधीपेक्षा लवकर चढतो. लिंक पडण्याच्या दोन वेळांमधलं अंतर कमी कमी होत जातं ते यामुळे. मग एक दिवस कोणीतरी रेडिओच खराब ठरवून बदलून टाकतो.

वायरलेस म्हटलं की बिघाडही हवेतच असणार असं गृहीत धरायची आपल्याला सवय आहे. मध्ये झाड वाढलं, समोर नवी इमारत उठली, शेजारच्या सोसायटीवर कोणीतरी त्याच चॅनलवर रेडिओ लावला, पाऊस फार झाला. ही कारणं खोटी नाहीत. पण पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओला दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात पावसाचा फारसा त्रास होत नाही. तो होतो साठ-ऐंशी गिगाहर्ट्झवाल्यांना. तरीही पहिल्या जोरदार सरीला पाच गिगाहर्ट्झच्या लिंका पडतात. त्या पडतात रेडिओच्या बुडाशी, काळी केबल जिथे आत शिरते तिथे. मोबाइल कंपन्यांच्या मोठ्या टॉवरवर आता वरपर्यंत फायबर जातं, त्यांच्या अडचणी वेगळ्या. आपला विषय आहे सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या किंवा लिफ्टच्या मशीन रूमच्या डोक्यावर, कारखान्याच्या शेडवर, कंटेनर यार्डाच्या दिव्याच्या खांबावर बसवलेला छोटा रेडिओ आणि त्याला जाणारी एकुलती एक इथरनेट केबल.

एकुलती एक, कारण डेटाही तिच्यातूनच जातो आणि वीजही. एकाच केबलमधून दोन्ही पाठवण्याचं पहिलं अधिकृत मानक २००३ साली आलं, तेव्हा खालून १५.४ वॅट देता येत. २००९ मध्ये ते ३० वर गेलं, २०१८ मध्ये ९० वर. गच्चीवरचे बरेचसे स्वस्त रेडिओ या मानकांच्या बाहेर, साध्या २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. काहीही असो, घरातल्या कॉम्प्युटरचा प्लग सैल झाला तर फक्त नेट जातं. इथे प्लग सैल झाला तर रेडिओचा वीजपुरवठाच तुटतो; तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, समोरच्या रेडिओशी जुळवून घेतो आणि तेवढ्यात परत बंद पडतो. खाली बसलेल्या माणसाला हे सगळं ‘लिंक फ्लॅप होतेय’ एवढंच दिसतं.

इथरनेट मुळात घरात राहणारी वस्तू आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं, तिथून तिचा जन्म धरतात. गंमत अशी की, त्यांना कल्पना सुचली ती हवाई विद्यापीठाच्या अलोहानेटवरून, आणि अलोहानेट होतं बेटाबेटांना रेडिओने जोडणारं जाळं. म्हणजे रेडिओकडून उसनी घेतलेली युक्ती केबलमध्ये उतरली, आणि आज रेडिओच त्या केबलच्या आधाराने टांगलेला आहे. प्लगची गोष्ट तर आणखी घरगुती. पारदर्शक प्लास्टिकचा, एका बाजूला खटका असलेला हा प्लग टेलिफोनसाठी बनलेल्या घराण्यातला. अमेरिकेतल्या बेल कंपनीने तो १९७० च्या दशकात रूढ केला, तो लाइनमनला न बोलावता फोन भिंतीत खोचता यावा म्हणून. १९९० मध्ये पिळलेल्या तारांवरच्या इथरनेटचं मानक ठरलं आणि आठ पिनांचा प्लग ऑफिसातल्या टेबलाखाली पोचला. तिथे ऊन नाही, वारा नाही, खारी हवा नाही, आणि केबल कोणी ओढलीच तर खुर्चीचं चाक. नेरुळच्या सोळाव्या मजल्याची गच्ची आणि जुलै महिना या हिशेबात कधीच नव्हते.

नवी मुंबई या प्लगला फार सोसत नाही. हे शहर उभारणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. ९५ गावांच्या जमिनीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर हे शहर आखलं गेलं. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर, मध्ये एकमेकांपासून जरा फटकून वसवलेले नोड. उरण, पनवेल, बेलापूरच्या पट्ट्यात मिठागरं होती. भरतीचं पाणी बांधात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं, हा इथल्या आगरी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. ते ऊन आणि तो वारा आजही तेच काम करतात. मीठ आता गच्चीवरच्या क्लॅम्पवर, पोलच्या वेल्डिंगवर आणि प्लगच्या पिनांवर साठतं. वाशी-सानपाड्याच्या खाडीकाठच्या इमारतींत ओहोटीच्या वेळी चिखलाचा जो वास येतो, तो गंधकाच्या वायूचा. तांबं काळवंडायला तो पुरेसा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत एमआयडीसीचा पट्टा पसरलेला आहे, पुढे तळोजा. तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या शेडवर लावलेल्या रेडिओचा प्लग वर्षभरानं उघडून पाहिला की हवेत काय काय होतं ते वेगळं मोजावं लागत नाही.

तरीही रेडिओ लागतातच. रस्ता खोदला की फायबर तुटतं, आणि रस्ता कायम खोदलेला असतो. गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांत चार मजली घरं एकमेकांना टेकलेली; नवी केबल न्यायची तर चार घरांची परवानगी हवी. जेएनपीए बंदराच्या आसपासच्या कंटेनर यार्डांत अवजड गाड्यांखाली जमिनीतली केबल टिकत नाही. त्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग बाहेरच्या वापरासाठीही परवान्यातून मोकळा केला आणि छोट्या ऑपरेटरांना, कारखान्यांना, कॅमेऱ्यांची कामं घेणाऱ्यांना गच्चीवरून गच्चीवर जाण्याची वाट सोपी झाली. रेडिओ वाढले, पोल वाढले. पोलवर चढणाऱ्यांना शिकवणारं मात्र कोणी वाढलं नाही. ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे गच्चीवरच जाते, आणि अर्धवट जाते.

सैल म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. बाहेरची चांगली केबल हातात घ्या. काळं, जाडसर पॉलिएथिलीनचं आवरण, आत तांब्याच्या एकसंध तारांच्या चार जोड्या, बऱ्याचदा त्यावर फॉइल. हिची जाडी सात-आठ मिलिमीटर भरते. दुकानात मिळणारा पाच-सात रुपयांचा प्लग सहा मिलिमीटरच्या आतल्या घरगुती केबलसाठी केलेला असतो. काळं आवरण त्यात शिरत नाही. मग पोरगं काय करतं? आवरण इंचभर सोलून मागे सारतं, नुसत्या आठ तारा प्लगात घालतं आणि क्रिंप मारतं. प्लगच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची एक पाचर असते, ती आवरणाला दाबून धरण्यासाठी असते. इथे ती दाबते बारीक तारांना. लिंक चालू होते, टेस्टरचे आठही दिवे लागतात, फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. आणि त्या क्षणापासून केबलचं सगळं वजन, वाऱ्याचा सगळा हिसका, अर्ध्या मिलिमीटरच्या आठ तारांवर येतो. माझ्या मते नवी मुंबईतल्या सैल जॅकच्या तक्रारींचं मूळ पोर्टात कमी आणि या सोललेल्या इंचभरात जास्त आहे.

प्लगच्या आतल्या पात्यांचाही असाच घोळ. एकसंध तारेसाठी पातं तिच्या दोन्ही बाजूंनी बसतं; बारीक तारांच्या जुडग्यासाठीचं पातं मधोमध घुसतं. जुडग्यासाठीचा प्लग एकसंध तारेवर मारला तर पातं तारेला नुसतं टेकून राहतं. गार हवेत टेकतं, दुपारी पोल तापला की सुटतं. रोज दुपारी बारा ते तीन लिंक जाते आणि संध्याकाळी आपोआप येते, अशी तक्रार आली की लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. आरपार जाणारे प्लग हल्ली फार चालतात, तारा पुढून बाहेर येतात, रंग बघता येतात, नवशिक्याला सोपं पडतं. पण कापलेल्या तारांची उघडी टोकं प्लगच्या तोंडाशी राहतात. ऑफिसात ठीक आहे. खाडीच्या हवेत मला ते पटत नाही.

खटक्याबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. रेडिओच्या बुडाशी झाकण असतं, जागा अडचणीची, बोट जात नाही. प्लग काढताना खटका दाबता येत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हरने दाबतात आणि तो मोडतो. काही जण तर झाकण नीट बसावं म्हणून खटका आधीच छाटून टाकतात. खटका नसलेला प्लग नुसत्या घर्षणावर उभा असतो. नवा प्लग बसला की टक् असा आवाज येतो. तो ऐकू आला नाही तर झाकण लावू नये, हा नियम इतका सोपा आहे की तो कोणी सांगतच नाही.

आता पिना. प्लग पुरता सुटला तर बरं, बिघाड लगेच सापडतो. वाईट असतं ते अगदी थोडं हलणं. वाऱ्याने केबल हलते, केबलबरोबर प्लग केसाइतका सरकतो, पिना घासतात, मुलामा जातो, घासून निघालेली धातूची भुकटी तिथेच साठते आणि तिच्यावर गंज चढतो. तौक्ते वादळाच्या वेळी, १७ मे २०२१ रोजी, कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि तिथल्या कित्येक गावांचं मोबाइल नेटवर्क दिवसेंदिवस गेलं. वादळानंतर सगळेच पोल तपासायला धावतात. जुलैत आठवडेच्या आठवडे वाहणाऱ्या साध्या नैर्ऋत्य वाऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि प्लग खातो तो तोच वारा.

माझ्याकडे तुर्भ्याच्या एका शेडवरून काढलेला प्लग आहे. भिंगाखाली धरला तर चौथ्या आणि पाचव्या पिनेवर हिरवी, खरखरीत वाढ दिसते. पाचव्या पिनेचं टोक कुरतडल्यासारखं बोथट झालेलं. सातवी आणि आठवी मात्र जवळजवळ स्वच्छ. चारही पिना एकाच प्लगात, एकाच पाण्यात भिजलेल्या, मग भेद का? कारण २४ व्होल्टच्या या पद्धतीत चौथ्या-पाचव्या तारेवर धन आणि सातव्या-आठव्यावर ऋण विद्युत असते. पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा थेंब उतरला, की शाळेच्या प्रयोगशाळेत केलेलं विद्युत-अपघटन इथे चोवीस तास सुरू होतं, आणि त्यात धन बाजूचा धातू विरघळत जातो. वीज नसती तर त्याच पाण्याने एवढं नुकसान व्हायला बराच काळ लागला असता. म्हणून गच्चीवरच्या इथरनेट प्लगला नुसतं ‘पावसापासून वाचवा’ म्हणून भागत नाही. थेंबभर ओलावाही त्याला महाग पडतो.

व्होल्टेजचा हिशेबही इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो गृहीत धरला आहे. शंभर मीटर चांगल्या तांब्याच्या केबलमध्ये, दोन तारा जायला आणि दोन यायला धरून, आठ-साडेआठ ओहम रोध असतो. आठ वॅटचा रेडिओ चोवीस व्होल्टवर साधारण एक-तृतीयांश अँपिअर ओढतो. म्हणजे वाटेतच तीनेक व्होल्ट खर्ची पडतात. केबल जर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, आणि बाजारात स्वस्त म्हणून तीच गळ्यात मारतात, तर हा आकडा दीडपट होतो. त्यात एका सैल पिनेचा रोध मिळवा. रेडिओला हवी असते ठरावीक शक्ती. व्होल्टेज घसरलं की तो जास्त प्रवाह ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी घसरतं. रात्री लिंक चालते आणि दिवसा ग्राहक वाढून रेडिओ जोरात पाठवू लागला की बंद पडते, त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं.

बिघाड वर न चढताही बराचसा ओळखता येतो, आणि ते शिकवणं हा या पुस्तिकेचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्याच. काल गिगाबिटवर असलेला पोर्ट आज शंभरवर उतरला असेल तर एखादी जोडी सुटली आहे, लिंक अजून पडली नसली तरी. २४ व्होल्टच्या पद्धतीत शंभर मेगाबिटवर डेटाच्या तारा आणि विजेच्या तारा निराळ्या असतात. म्हणून रेडिओ जिवंत पण पोर्ट मेलेला दिसला तर डेटाच्या पिना पाहा, रेडिओच मरून मरून उठत असेल तर विजेच्या. खालच्या स्विचवर चुकीच्या पॅकेटांचा आकडा वारा सुटला की वाढतो का, हे आठवडाभर टिपून ठेवलं तरी निम्मं निदान खुर्चीत बसून होतं. आठ दिव्यांचा टेस्टर मात्र यातलं काहीच सांगत नाही. तार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचते का, एवढंच त्याला कळतं, तेही केबल स्थिर असताना. केबल हाताने हलवत हलवत पिंग बघणं त्याहून खरं.

पक्कं करायचं कसं, हे पुस्तिकेत चित्रांसह आहे. मी फक्त त्यामागचा क्रम सांगतो, कारण बाजारात उलटा क्रम रूढ आहे. लोक आधी टेप गुंडाळतात. खरं तर केबलचं वजन प्लगापर्यंत पोचणारच नाही अशी व्यवस्था आधी करावी लागते. रेडिओखाली हात-दीड हातावर केबल पोलला क्लॅम्पने किंवा उन्हात टिकणाऱ्या काळ्या टायने बांधायची आणि बांधलेल्या जागेपासून पोर्टापर्यंतचा भाग सैल, हलक्या बाकाने ठेवायचा. पांढरे टाय घरातले. आपल्या उन्हात ते ठिसूळ होऊन तुटतात आणि मग सगळी केबल पुन्हा प्लगाला लोंबकळते. टाय इतका आवळू नये की आवरण चेपेल. आतल्या जोड्यांची पिळण बिघडते. पोर्टाकडे जाण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत शिरत नाही. केबल आत शिरते तिथे आवळायचा ग्लँड असेल तर त्याचा रबर केबलच्या जाडीचाच हवा. बारीक केबलवर मोठा ग्लँड आवळून काही उपयोग नाही. रेडिओच्या खोक्यावर पाण्याबद्दलचा जो आकडा छापलेला असतो, तो ग्लँड नीट लावला तरच खरा. शिवाय ती चाचणी झालेली असते गोड्या पाण्यात, थोडाच वेळ.

टेपची पाळी त्यानंतर. आधी ताणून लावायची, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर चढवत. तिच्यावर उन्हापासून राखण म्हणून साधी काळी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढवतात तसा, म्हणजे पाणी सांध्यात न जाता वरून घसरतं. शेवटचं टोक ताणू नये. ताणलेलं टोक उन्हात सुटून येतं. रेडिओच्या बुडाशी पाणी निथळायचं बारीक छिद्र असतं, ते टेपने बुजवण्याचा मोह फार जणांना होतो. दिवसा तापून रात्री गार होणारं खोकं हवा आत-बाहेर करतं. छिद्र बुजवलं तर आत आलेली वाफ आतच पाणी होऊन बसते. आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांब्याजवळ नेऊ नये. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. खिडक्यांसाठी आणलेली उरलेली नळी गच्चीवर वापरून टाकण्याची काटकसर कितीतरी प्लगांना भोवली आहे.

एक चमत्कारिक बिघाड मुद्दाम नोंदवतो. वर केबलच्या आवरणाला कुठेतरी चीर पडते, घासून म्हणा किंवा कावळ्याच्या चोचीने म्हणा. पाणी आवरणाच्या आतून, तारांच्या कडेने, थेट खाली उतरतं आणि आठ मजले खालच्या मीटर रूममधल्या स्विचच्या पोर्टातून बाहेर पडतं. स्विच जळतो. वरचा प्लग कोरडा असतो, त्यामुळे तिकडे कोणी बघत नाही. खालीही केबलला झोळ द्यायचा तो यासाठी.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, पोरं निष्काळजी आहेत. मला तसं वाटत नाही. पैसे मिळतात ते एका कॉलचे. तासाभरात तीन गच्च्या गाठायच्या असतात, वॉचमन किल्ली शोधतो, सेक्रेटरी विचारतो कोणाला विचारून आलात, गच्चीवर जाळी लावलेली, शिडी नाही. नीट क्लॅम्प मारायला जी वीस मिनिटं लागतात त्यांचे पैसे कोणीच देत नाही. पुन्हा येण्याचे मात्र मिळतात. काम टिकावं असं ज्याला वाटतं त्याने ती वीस मिनिटं बिलात धरली पाहिजेत. शिवाय पाऊस चालू असताना, विजा चमकत असताना, दोन हुकांचा पूर्ण अंगाचा हार्नेस नसताना वर पाठवणं हा गुन्हा समजावा. जूनमधल्या निम्म्या चढाया मे महिन्यात एकदा शांतपणे फिरून टाळता येतात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली केंद्रं लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. बर्कले विद्यापीठाच्या ज्या संशोधकांनी ते जाळं उभारलं, त्यांनी २००८ मध्ये आपला अनुभव मांडला, आणि त्यात रेडिओच्या लहरींपेक्षा खराब वीजपुरवठ्याने जास्त छळल्याचं सांगितलं. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पातून २५ गावांत वायरलेस पोचवलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. लहरी कशा जातील यावर अशा प्रकल्पांतून भरपूर लिहिलं गेलं. प्लग कसा बांधावा यावर लिहिण्याइतका तो कोणाला महत्त्वाचा वाटला नाही, मराठीत तर नाहीच.

या पुस्तिकेत कोसळणाऱ्या विजेपासून संरक्षण आणि अर्थिंग यांवर एकच छोटं प्रकरण आहे, आणि ते पुरेसं नाही. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. अँटेनाचं अलाइनमेंट मुद्दाम वगळलं आहे, त्यावर माहिती सहज मिळते. नव्या रेडिओंत स्क्रूने आवळायचे गोल कनेक्टर येऊ लागले आहेत, काहींत फायबर आणि विजेची वेगळी तार. ते सर्वत्र होईपर्यंत खटक्याच्या प्लगशीच आपली गाठ आहे. पहिलं प्रकरण केबल कशी निवडावी याचं आहे. पण ज्यांची लिंक आत्ता या घडीला पडलेली आहे आणि पोरगा वर चढलेला आहे, त्यांनी थेट चौथं काढावं आणि त्याला फोनवर सांगावं, की प्लग काढण्याआधी खालून वीज बंद कर आणि काढल्यावर पिनांचा फोटो पाठव.